पँथरचे कागद रद्दीत जाण्याआधी : ग्रंथपाल आणि अभिलेखपालांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचे ग्रंथपाल,
विद्यापीठीय ग्रंथालयांचे प्रमुख,
आणि पुराभिलेख संचालनालयाचे अधिकारी यांस,

विषय : दलित पँथरची कागदपत्रे, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांचे जतन



दलित पँथर ही संघटना १९७२ साली मुंबईत उभी राहिली आणि मूळ रूपात पाच वर्षेही टिकली नाही. ज. वि. पवार यांनी लिहिलेल्या इतिहासाप्रमाणे २९ मे १९७२ रोजी नामदेव ढसाळ आणि पवार यांनी संघटना काढायचे ठरवले, ९ जुलैला कामाठीपुऱ्यातल्या सिद्धार्थनगरात पहिली सभा झाली आणि ७ मार्च १९७७ रोजी राजा ढाले व पवार यांनी बरखास्ती जाहीर केली. एवढ्या अवधीत या तरुणांनी जे केले, त्याचा धक्का महाराष्ट्राच्या राजकारणाला, साहित्याला आणि गावगाड्याला एकाच वेळी बसला. पण त्या पाच वर्षांचा अस्सल कागद कुठे बसून वाचता येईल, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर त्याला ठाम पत्ता सांगणे अवघड जाते. हे पत्र त्या पत्त्यासाठी आहे.

पँथरच्या जन्माची कारणे सर्वश्रुत आहेत, तरी जतनाचा प्रश्न कळण्यापुरती ती सांगावी लागतात. एलायापेरुमल समितीचा अस्पृश्यतेविषयीचा अहवाल १९६९ मध्ये तयार झाला आणि १९७० मध्ये संसदेपुढे आला. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ चा. तो कागदावरच राहिला आहे हे या अहवालाने सरकारी भाषेत कबूल केले. १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली, पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलित वस्तीवर बहिष्कार पडला. रिपब्लिकन पक्ष गटातटांत विखुरलेला होता. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह, कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या, वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी इथे राहणारी, लिहिणारी, नोकरी शोधणारी पोरे नेत्यांना कंटाळली होती. त्यांनी आपल्या शाखांना शाखा म्हटले नाही, छावण्या म्हटले.

१५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’ विशेषांकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्य दिन’ हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला असलेली शिक्षा आणि दलित स्त्रीची अब्रू घेणाऱ्याला होणारी शिक्षा त्यांनी शेजारी शेजारी ठेवली, आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. दुर्गा भागवतांनी आक्षेप घेतला, अंक हातोहात खपला. त्याच वर्षी ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. १९७३ मध्ये जाहीरनामा निघाला; त्यात दलित या शब्दाखाली अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्धांबरोबर कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांनाही घेतले होते. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीतली पँथरची सभा उधळली गेली आणि दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्च्यात इमारतीवरून टाकलेला पाटा डोक्यात बसून भागवत जाधव हा तरुण मारला गेला. वर्ष संपायच्या आत मार्क्स की बुद्ध या वादावरून ढसाळ आणि ढाले वेगळे झाले. १९७७ नंतर भारतीय दलित पँथर या नावाने अरुण कांबळे, रामदास आठवले आदींनी काम पुढे नेले आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले.

संघटनेचे नाव अमेरिकेतून आले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पार्टी काढली, आणि तिची ओळख मुंबईतल्या या तरुणांना ‘टाइम’ साप्ताहिकातल्या मजकुरातून झाली. पण हे नाते एका साप्ताहिकापासून सुरू होत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या निग्रो काँग्रेसच्या अर्जाच्या प्रती मागवल्या, आणि ३१ जुलै १९४६ रोजी ड्यू बॉइस यांनी उत्तर पाठवले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे यांनी निग्रो साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले. जनार्दन वाघमारे यांचे ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ १९७८ चे.

यातले ड्यू बॉइस प्रकरण ग्रंथपालांनी जरा थांबून पाहावे असे आहे. आंबेडकरांचे ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात, ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत सांभाळून ठेवलेले आहे. ते स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले आहे, त्यामुळे तुर्भे स्थानकाच्या फलाटावर उभा असलेला माणूस मोबाइलवर ते पाहू शकतो. मुंबईहून गेलेला एक कागद पाऊणशे वर्षांनंतर तिकडे सुरक्षित आहे. मुंबईतच छापले, वाटले आणि चिकटवले गेलेले पँथरचे हजारो कागद मात्र कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, नाहीतर नाहीतच.

हे कागद होते तरी कसले? पुस्तके त्यांत थोडी. पँथरमधले बरेचसे लोक लघुनियतकालिकांच्या चळवळीतून आलेले. ढाले यांचे ‘येरू’, ‘चक्रवर्ती’, ढसाळांचे ‘विद्रोह’, बाबुराव बागूल यांचे ‘आम्ही’ ही त्यांतली काही नावे. बाकी हँडबिले, भिंतीपत्रके, छावणीच्या पावतीपुस्तकांची अर्धुके, सायक्लोस्टाइल केलेली निवेदने, पोलिसांच्या जमावबंदीच्या नोटिसा, वृत्तपत्रांना धाडलेली आणि कधी न छापली गेलेली खुलाशाची पत्रे. सायक्लोस्टाइलसाठी मेणकागदावर टंकलेखन यंत्राची फीत काढून अक्षरे ठोकायची, तो रुळावर चढवायचा आणि शाईसोख कागदावर प्रती काढायच्या. फार जास्त काढल्या की मेणकागद फाटायचा. म्हणजे एखाद्या निवेदनाच्या मुळात मोजक्याच प्रती होत्या, आणि त्या वाटण्यासाठीच काढलेल्या असल्याने काढणाऱ्याकडेही बहुधा एखादीच उरली.

हँडबिल हाती आले तरी त्याची नोंद करणे सोपे नसते. पाव आकाराचा पातळ, बहुधा रंगीत कागद, जाड टाइपात मथळा, खाली वक्त्यांची नावे, मैदानाचे नाव, वार आणि तारीख. साल नसते. सभा येत्या रविवारी असताना साल कोण छापतो? मग वार आणि तारीख जुळवून साल काढावे लागते. ‘रविवार, ता. ९ जुलै’ असे असेल तर १९७२ जुळते, १९७३ जुळत नाही. तळाला बारीक टाइपात मुद्रकाचे नाव आणि पत्ता असतो, कारण १८६७ च्या मुद्रण कायद्याने ते सक्तीचे होते. छापखाने त्या काळी वस्तीवस्तीत होते, त्यामुळे त्या एका ओळीवरून पत्रक कोणत्या भागातल्या छावणीने काढले असावे याचा अंदाज बांधता येतो. असे काम प्रशिक्षित ग्रंथपालाचे. घरचा माणूस कागद सांभाळील, पण त्याच्याकडून ही जुळवाजुळव होणार नाही, आणि ती अपेक्षाही रास्त नाही.

हे पत्र तुर्भ्यातून लिहिले आहे; तुर्भ्याचा या सगळ्याशी संबंध काय, असा प्रश्न येऊ शकतो. पँथरची मुंबई म्हणजे कामाठीपुरा, वरळी, नायगाव, वडाळा, घाटकोपर. तुर्भे त्या नकाशावर नव्हते. पण माणसे सरकत गेली. मराठवाड्यातून पोटासाठी निघालेली कुटुंबे इथल्या दगडखाणींवर, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि पुढे बाजार समितीच्या आवारात आली. चाळींतली खोली अपुरी पडली तेव्हा मुंबईतलीही कित्येक घरे खाडी ओलांडून आली. तुर्भे स्टोअर, हनुमाननगर, इंदिरानगर, गणपतीपाडा या वस्त्यांत आजही ‘जुना पँथर’ अशी ओळख सांगितली जाते ती अभिमानाने. अशा माणसाच्या पश्चात घर लहान, नातवंडांना जुन्या कागदांचा अर्थ लागत नाही, पत्र्याखालची ट्रंक जागा अडवते. रद्दीवाला किलोने घेतो. वर्तमानपत्र एका भावाने, पुस्तक दुसऱ्या. हँडबिलाला भावच नाही, ते मधल्यामध्ये जाते. जे रद्दीतही जात नाही ते कचऱ्यात जाते, आणि नवी मुंबईची कचराभूमी तुर्भ्यातच आहे.

घाई करण्याचे कारण नुसते माणसांचे वय नाही. वर्तमानपत्राचा आणि स्वस्त छपाईचा कागद लाकडाच्या दळलेल्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निनमुळे आम्ल तयार होत राहते, कागद आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि घडीवर तुटतो. खाडीकाठच्या दमट हवेत टाचण्या आणि स्टेपल गंजतात व गंजाचे डाग अक्षरांवर उतरतात. कसर आणि वाळवी यांचे वेगळे सांगायला नको. चौकटीत लावलेले छायाचित्र काचेला चिकटते. कॅसेटच्या फितीवर बुरशी चढते. सांभाळण्याच्या उत्साहात होणारे नुकसान तर आणखी वाईट : फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावायचा, किंवा कागद टिकावा म्हणून लॅमिनेशन करून आणायचे. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत कागदात झिरपून कायमचा डाग सोडतो. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. वस्त्यांतल्या वाचनालयांत बाबासाहेबांच्या सहीची पत्रेदेखील अशी प्लास्टिकात बंद करून भिंतीवर टांगलेली दिसतात, तीही उन्हाच्या तिरीपेत. यात दोष भक्तिभावाने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा नाही. त्यांना कोणी सांगितले नाही. आणि सांगणे हे ज्यांचे काम, त्यांना हे पत्र लिहिले आहे.

तक्रार स्पष्ट शब्दांत मांडायला हरकत नसावी. २०२२ मध्ये पँथरला पन्नास वर्षे झाली. सभा झाल्या, विशेषांक निघाले, परिसंवाद झाले, हारतुरे झाले. नामदेव ढसाळांना पद्मश्री १९९९ मध्येच मिळाली होती. पण बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत पँथर म्हणजे कपाटातली पाचसात पुस्तके : पवारांचा इतिहास, ढसाळांचे ‘दलित पँथर : एक संघर्ष’, अर्जुन डांगळे यांचे पुस्तक, शरणकुमार लिंबाळे यांनी संपादित केलेले, लता मुरुगकर यांचा अभ्यास. ही पुस्तके महत्त्वाचीच. मात्र त्यांतली बरीचशी चळवळीत असलेल्यांनी नंतर लिहिलेली, एकमेकांना उत्तर देणारी. ती ताडून पाहायला त्या दिवसाचा कागद लागतो. संस्थापक कोण, पहिली बैठक कधी, जाहीरनामा कोणी लिहिला, यांवरचे वाद पन्नास वर्षे मिटत नाहीत, याचे एक साधे कारण म्हणजे वाद मिटवणारा कागद कोणाच्या समोर नाही. आणि दुसरीकडे विस्मरण इतके, की ‘चल हल्ला बोल’ या चित्रपटाच्या निमित्ताने २०२५ मध्ये, ढसाळ कोण, अशी विचारणा सेन्सॉरकडून झाल्याची तक्रार वृत्तपत्रांत आली.

कायद्याची तरतूद नाही असेही नाही. १९५४ च्या पुस्तक-प्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या चार ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात. मुंबईतले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय त्यांतले एक. पण लघुनियतकालिक काढणारा कवी उधारीवर छपाई करत होता, तो कसल्या प्रती पाठवणार. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये अनुदान घेतात, आणि पुस्तकांच्या व सभासदांच्या संख्येवर तपासणी होते. पत्रकांचा एक खोका तपासणीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. मग ग्रंथपालाने तो का घ्यावा? दोष असा रकान्यांत आहे, आणि रकाने बदलणे अशक्य नसते.

सरकारने ठरवले तर काय होते याचे उदाहरण घरातच आहे. आंबेडकरांचे कागद वारसांच्या वादात न्यायालयाच्या ताब्यात गेले होते. १९७६ मध्ये राज्याने त्यांच्या साहित्याच्या प्रकाशनासाठी समिती नेमली, १९७९ मध्ये पहिला खंड निघाला आणि वसंत मून यांनी आयुष्यभर चिकाटीने ते काम रेटले. पुढे छपाई रेंगाळली तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, तो भाग वेगळा. बाबासाहेबांच्या कागदांना मून मिळाले. त्यांच्यानंतरच्या चळवळीला तसा कोणी मिळालेला नाही.

आता अमेरिकेकडे पाहावे, तेही भाबडेपणाने नको. ब्लॅक पँथरचा छळ तिथल्या सरकारने ज्या थराला नेला तो मुंबईच्या पोलिसांच्या स्वप्नातही नसेल. एफबीआयने गुप्त मोहीम चालवली, संघटनेत हेर घुसवले, आपसात भांडणे लावणारी खोटी पत्रे धाडली. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोच्या पोलिसांनी एकवीस वर्षांच्या फ्रेड हॅम्प्टनला त्याच्याच घरात, अंथरुणात गोळ्या घातल्या. ती मोहीम उघड झाली ८ मार्च १९७१ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावच्या एफबीआय कार्यालयात काही नागरिकांनी घरफोडी करून फायली पळवल्या तेव्हा. पुढे सिनेटच्या चर्च समितीने चौकशी केली. संघटना १९८२ मध्ये संपली. म्हणजे छळ करणारे राज्य आणि जतन करणारा समाज एकाच देशात नांदले. आज न्यूटन यांच्या नावाच्या प्रतिष्ठानची कागदपत्रे स्टॅनफर्ड विद्यापीठात आहेत, फ्रीडम आर्काइव्ह्ज या संग्रहात त्या काळातली ध्वनिमुद्रणे आहेत, २०१६ मध्ये ओकलंडच्या संग्रहालयाने पँथरच्या पन्नाशीचे प्रदर्शन भरवले. एमरी डग्लस यांनी पक्षाच्या साप्ताहिकासाठी काढलेली चित्रे, जी एके काळी भिंतीवर खळीने चिकटवली जात, ती आता संग्रहालयांत आहेत.

त्यांच्यातलीही खोट नजरेआड करू नये. ओकलंडच्या गरीब वस्तीचा इतिहास वाचायला स्टॅनफर्डच्या श्रीमंत आवारात जावे लागते. यापेक्षा जुने आणि महाराष्ट्राला जवळचे उदाहरण न्यूयॉर्कच्या हार्लेमचे आहे. पोर्टो रिकोत जन्मलेला आर्तुरो शॉम्बर्ग हा बँकेच्या टपाल विभागात नोकरी करणारा गृहस्थ आफ्रिकी वंशाच्या लोकांची पुस्तके, पत्रके, हस्तलिखिते जमवत असे. १९२६ मध्ये कार्नेगी संस्थेने दिलेल्या दहा हजार डॉलरांत त्याचा संग्रह न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने घेतला आणि ठेवला तो वस्तीतल्याच, १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत. जगातले कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे एक मोठे केंद्र असे मोहल्ल्याच्या वाचनालयातून वाढले. आपल्याकडेही बँकेत, टपालात, रेल्वेत नोकरी करून पदरमोडीने आंबेडकरी कागद जमवणारे संग्राहक झाले आहेत. कमी आहे ती संग्रह घेणाऱ्या शाखेची.

सरकारी कागदांचा प्रश्न निराळा, आणि तो पुराभिलेख संचालनालयाचा. वरळी-नायगावच्या दंगलींची चौकशी न्या. भस्मे आयोगाने केली. आयोगापुढे लोक शपथपत्रे देतात, साक्षी होतात, उलटतपासण्या होतात. दंगलीत काय घडले याचे चाळकऱ्यांच्या तोंडचे वर्णन अशा बाडांतच असते, अहवालात त्याचा अर्क तेवढा उतरतो. ही बाडे कोठे व कोणत्या स्थितीत आहेत हे संचालनालयाने जाहीर करावे, ती ताब्यात घ्यावीत आणि वाचकांना खुली करावीत. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा २००५ चा आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले कलम ८(३) सांगते की वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, काही अपवाद सोडून, नाकारता येत नाही. वरळीच्या दंगलीला पन्नास वर्षे उलटून गेली. पोलिसांच्या सभाबंदीच्या, तडीपारीच्या, वार्ताहरांच्या टिपणांच्या फायली आता कोणाच्या सुरक्षिततेला धोका नाहीत. मुदत संपली म्हणून त्या जाळून टाकल्या जाण्याचा धोका मात्र खरा आहे.

हक्कांची अडचण सांगून विद्यापीठे हात झटकतात, तिचेही उत्तर कायद्यातच आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. ढसाळ २०१४ मध्ये गेले, ढाले २०१९ मध्ये, म्हणजे त्यांचे लेखन अनुक्रमे २०७४ आणि २०७९ अखेरपर्यंत हक्कांत राहील. पण २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये घातलेली तरतूद अशी की नफ्यासाठी न चालणाऱ्या ग्रंथालयाकडे मूळ प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायला परवानगी लागत नाही. ती प्रत सगळ्या जगाला खुली करायची की नाही हे वारसांशी बोलून ठरवता येईल. स्कॅन करून ठेवायला आजही कोणी अडवलेले नाही.

आवाजांचे काम सर्वांत निकडीचे. १९७२ मध्ये वीस वर्षांची असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांना बोलते करायचे तर गौरवसोहळ्याच्या व्यासपीठावर नको. तिथे माणूस भाषण करतो. घरी बसून, तारखा आणि जागा विचारत, आधी कागद समोर ठेवून मुलाखत घ्यावी लागते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकासाठी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना असे गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या. ते पुस्तक १९८९ चे. पँथरमधल्या स्त्रियांबद्दल तेवढ्या मोठ्या प्रमाणावर असे काम व्हायचे आहे. मोर्च्यात त्या होत्या, पोलीस दारात आले तेव्हा घरात त्याच होत्या, तुरुंगात डबा त्यांनीच नेला. ढसाळांच्या पत्नी मल्लिका अमरशेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मचरित्र चळवळीच्या घरातली दुसरी बाजू सांगते आणि म्हणून कित्येकांना अडचणीचे वाटते. संग्रहात ते ‘साहित्य’ म्हणून वेगळ्या कपाटात नको, पँथरच्याच कपाटात हवे. गाण्यांचेही तेच. वामनदादा कर्डकांपासून विलास घोगरेंपर्यंतच्या शाहिरांचे आवाज कॅसेटवर आहेत, आणि कॅसेट वाजवणारी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर आता शोधावे लागतात.

संग्रह करताना निवड करू नये, ही विनंती सर्वांत महत्त्वाची आणि बहुधा सर्वांत गैरसोयीची. पँथरचे नेते पुढे वेगवेगळ्या पक्षांत गेले. काही सत्तेत, काही जन्मभर ज्यांच्याशी भांडले त्यांच्या शेजारी. प्रत्येक गटाला आपल्या पसंतीचा पँथर हवा असतो. ढसाळांचे मार्क्सवादी लेखन ठेवायचे आणि नंतरचे टाळायचे, ढाल्यांचे बुद्धावरचे ठेवायचे आणि भांडणाची पत्रके जाळायची, असे ग्रंथपालाने करता कामा नये. फुटीच्या काळात एकमेकांविरुद्ध काढलेली पत्रके तर आवर्जून घ्यावीत. विरोधकांचेही कागद घ्यावेत : वरळीतल्या दुसऱ्या बाजूच्या संघटनांची पत्रके, त्यांच्या मुखपत्रांतले अग्रलेख. त्यांच्याशिवाय भागवत जाधवांचा मृत्यू नीट समजणार नाही.

घरोघरचा अविश्वास हाही एक भाग आहे आणि तो अकारण नाही. अभ्यासक येतात, फोटो आणि अंक ‘दोन दिवसांत परत करतो’ म्हणून नेतात, आणि पुढे ते कुणाच्या तरी प्रबंधाच्या परिशिष्टात दिसतात. म्हणून घेताना पोच द्यावी, यादी करून सही करावी, मूळ कागद परत हवा असेल तर स्कॅन करून त्याच दिवशी द्यावा, आणि देणगी असेल तर कुटुंबाचे नाव नोंदीत राहावे.

यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. आम्लविरहित पुठ्ठ्याचे खोके, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या, गंज न लागणाऱ्या क्लिपा, रंगीत आणि निदान ३०० डीपीआयवर काढलेली स्कॅन, तीही तीन ठिकाणी ठेवलेली. आणि एक माणूस, ज्याला दर अकरा महिन्यांनी घरी पाठवले जात नाही. कंत्राटी ग्रंथालय-सहायकाच्या भरवशावर असा संग्रह उभा राहत नाही.

नवी मुंबईपुरते बोलायचे तर ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात महापालिकेचे ग्रंथालय आहे. इमारत देखणी आहे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या वस्त्या तिथून एका रिक्षेच्या अंतरावर आहेत. तिथल्या एका खोलीत हे काम सुरू होऊ शकते. तुर्भे, घणसोली, कोपरखैरणे, दिघा इथल्या वाचनालयांनी कागद गोळा करण्यापुरते हात दिले तरी पुष्कळ. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने आणि मुंबई विद्यापीठाने आपल्याकडे पँथरविषयी नेमके काय आहे याची एक तरी एकत्रित सूची छापावी. नसलेल्या अंकांची यादीही छापावी, म्हणजे ज्यांच्या घरी ते असतील त्यांना कळेल.

येत्या १४ एप्रिलला प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयासमोर जयंतीची गर्दी असेल. त्या दिवशी दारावर एक फलक लावावा : जुनी पत्रके, अंक, फोटो, कॅसेट इथे घेतल्या जातील, पोच मिळेल, मागितल्यास मूळ परत मिळेल. आणि टेबलापाशी पोचपुस्तक घेऊन कोणीतरी बसावे.

कळावे,

आपला नम्र,
एक ग्रंथालय-सभासद
तुर्भे, नवी मुंबई